पहिल्या फळाची रीत

बसा साहेब, पुढंच बसा. मागच्या सीटले आमच्या रस्त्याचे दचके जास्त लागतेत. बॅग द्या इकडं, मी ठेवतो. बडनेऱ्याहून शेंदूरजनाघाट म्हणजे अडीच-पावणेतीन तास धरून चाला. मोर्शीले चहासाठी थांबू.

हं, काय विचारून राहिले होते तुमी? कागदावर ‘हॉलिडे रिसॉर्ट’ लिहिलं हाये अन् गेटच्या फोटोत ‘सुट्टीची शाळा’, ही काय भानगड? सगळे विचारतेत. कोण्या एका भैताडानं तर मोबाईलवर लिहून ठेवलं हाये, का शाळा चालली नाही म्हणून बंद पडली अन् तिचं टाइमशेअर झालं. चालली नाही! अबे, तुह्या... जाऊ द्या. तुमी पाव्हणे, तुमच्यासमोर तोंड खराब नाही करत. पण तो लिहिणारा भेटला ना एखाद्या दिवशी, तर याच गाडीत बसवून वरूडपर्यंत ऐकवतो त्याले. शाळा इतकी चालली साहेब, इतकी चालली, का बंद करावी लागली. अन् बंद पाडली एका बाईनं. माणिकबाई तिचं नाव. मले त्या बाईचा लय अभिमान हाये, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तुमी म्हणान का ड्रायव्हर जास्तीचं बोलून राहिला.

माहं नाव देवमन. खुशालभाऊच्या इथं मी पहिल्या दिवसापासून, म्हणजे २०१० पासून. तवा मिनीबस होती. खुशालभाऊ म्हणजे मालक. काळ्या मातीचं वावर, संत्र्याचा बगीचा, खाऊन-पिऊन सुखी माणूस. पण डोक्यात एक किडा. शहरातल्या पोट्ट्यायले संत्र दुकानात लागते असं वाटते म्हणे, तं त्यायले दिवाळीच्या अन् नाताळच्या सुट्टीत आठ-आठ दिवस मायबापासकट इथं ठेवावं अन् झाड कसं तयार होते ते शिकवावं. बारा खोल्या बांधल्या, स्वयंपाकाचा मोठा शेड बांधला अन् गेटवर पाटी लावली, ‘सुट्टीची शाळा’. गावानं पोट धरधरून हसून घेतलं. लोक पैसे देऊन वावरात काम करायले येतीन? पण आले साहेब. अकोल्याचे आले, अमरावतीचे आले, पुण्याचे आले.

आता माणिकबाईची गोष्ट कळाची असन, तर कलमांची थोडी माहिती पायजे. तुमी संत्र खाता ते बी लावून येत नाही. आधी जंभेरीचं रोप वाढवायचं. जंभेरी म्हणजे रानटी जातीचं लिंबू, मजबूत मुळाचं. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं, का त्याच्या सालीले चाकूनं चीर द्यायची. मंग चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटाची जागा, सालीसकट अलगद काढायचा अन् त्या चिरेत बसवायचा. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधायची. याले आमी डोळा भरणं म्हणतो. तीन हप्त्यांनी, म्हणजे तीन आठवड्यांनी, पट्टी सोडून पाह्यची. हिरवा असला तर जगला, काळा पडला तर मेला. आमच्या शेंदूरजन्याले या कामाचं लय नाव हाये.

माणिकबाई माळ्याची लेक. तिचा नवरा नत्थुजी, तोही माळीच, वरूडच्या बाजारात भाजी विके. बाई रामरावच्या नर्सरीत रोजानं जाय. अन् नर्सरीत कायदा असा होता, का चीर माणसानं द्यायची, डोळा माणसानं भरायचा, अन् बाईनं मागून पट्टी बांधत यायचं. काहून? काहून म्हणजे काय, तसंच होतं. कोणी विचारलंच नव्हतं. दिवसभर वाकून वाकून माणिकबाई माणसायनं भरलेले डोळे बांधत जाय अन् कोणाची चीर वाकडी गेली, कोणाचा डोळा मरते, हे तिले बांधतानाच समजे. पण बोलायची सोय नव्हती. एकदा बोलली तर तो माणूस म्हणे, तू पट्टी बांध, मास्तरकी करू नको.

मंग बाईनं काय केलं, घरामागच्या लिंबूच्या झाडावर शिकणं सुरू केलं. नत्थुजीचं दाढीचं पातं घेऊन. नत्थुजी सांगते ना अजून हसून हसून, का त्या वर्षी माही दाढी एका गालाची होये अन् दुसऱ्या गालाले पातं सापडे नाही. शंभर डोळे मेले तिचे. मंग पन्नास मेले. मंग एक दिवस सगळेच हिरवे निघाले अन् नत्थुजीले म्हणे, घ्या तुमचं पातं, आता मले चाकू आणून द्या.

१९९९ ची गोष्ट. रामरावकडे मोठी ऑर्डर आली अन् ऐन हंगामात डोळे भरणारे दोघं तापानं पडले. माणिकबाईनं कोणाले विचारलं नाही, सांगतलं नाही. पदर खोचला, चाकू काढला अन् एक अख्खी ओळ, शंभर रोपं, एकटीनं भरून काढली. रामराव संध्याकाळी आला अन् पाहून असा भडकला, का बस! म्हणे, माही शंभर रोपं गेली पाण्यात. बाई म्हणाली, तीन हप्ते थांबा, मंग शिव्या द्या, मी कुठं पळून नाही चालली. तीन हप्त्यांनी पट्ट्या सोडल्या. शंभरातले शहाण्णव हिरवे. माणसायच्या ओळीत ऐंशीच्या वर आकडा गेला नव्हता कधी.

त्या दिवसापासून चाकू तिच्या हातात आला. पण नाव कोणाचं? रामरावचं. वरूडपासून मोर्शीपर्यंत अन् तिकडं अकोल्याकडं हिवरखेडपर्यंत लोक म्हणत, रामरावच्या कलमा लावल्या, मरत नाहीत. बाईचं नाव कोणी घेतलं नाही. रोज संपला का ती घरी. बावीस वर्षं केलं तिनं त्या नर्सरीत, पट्टी बांधायची वर्षं धरून.

चला, मोर्शी आली. चहा घ्या. मिरचीचं भजं खासान का? बरं, राहू द्या.

हं, तर कुठं होतो? शाळा. खुशालभाऊनं पहिल्या दिवाळीत शिकवायले एक शिकलेला सर आणला होता. लय सभ्य माणूस, नाव नाही घेत. पडद्यावर चित्रं दाखवे, मुळाचं चित्र, पानाचं चित्र. पोट्टे जांभया देत. मंग त्यानं स्वतः चाळीस डोळे भरून दाखवले अन् चाळीसच्या चाळीस मेले. एक नाही वाचला! सर स्वतःच बॅग भरून गेला बिचारा, कोणी काही बोललं नाही त्याले. खुशालभाऊ रामरावकडे गेले, म्हणे तुमच्याकडचा सगळ्यात हुशार माणूस द्या. रामराव म्हणाला, माणूस नाही, बाई हाये, चालन का?

चालन का म्हणे! बाईनं आल्या आल्या पडदा गुंडाळून ठेवला. एकेकाच्या हातात चाकू दिला. आता साहेब, तुमाले आमच्या वऱ्हाडाचं माहीत असन, पाव्हणा जेवला तर त्याले ताट उचलू देत नाही आमी. अन् ही बाई अकोल्याच्या डॉक्टरणीले मातीत मांडी घालून बसवे अन् म्हणे, बाई, नखं कापून या, डोळ्याले लागतेत. म्या खुशालभाऊले म्हटलं, भाऊ, पाव्हणे पळून जातीन. ते म्हणे, पळतीन तर पळतीन. एकही पळाला नाही. उलट पुढच्या सुट्टीचं आधीच सांगून जात.

त्या डॉक्टरणीची पोट्टी प्राजक्ता, नऊ-दहा वर्षांची. नाताळात बाईच्या पहिल्याच बॅचमध्ये होती. शाळा आठ दिवसांची अन् डोळा समजायले लागते तीन हप्ते. म्हणजे पोट्टे घरी गेल्यावर पट्टी सुटे. मंग माणिकबाई मले बसवून एकेकाले पोस्टकार्ड लिहायले लावे. ‘डोळा हिरवा आहे. माणिकबाई.’ बस, एवढंच. प्राजक्ताची पट्टी सोडली तर काळा. बाई म्हणाली, लिही, डोळा मेला, चीर खोल गेली होती, पुन्हा ये.

म्या म्हटलं, “अवो बाई, पोट्टी रडन. दुसरी कलम लावू तिच्या नावानं. कोणाले समजते?”

“तुले समजते,” ती म्हणे, “अन् मले समजते. दोघं झाले ना? लिही.”

लिहिलं. अन् पोट्टी रडली म्हणे दोन दिवस. पण पुढच्या दिवाळीले बापाच्या मागं लागून पुन्हा आली, पुन्हा डोळा भरला अन् तो जगला. माणिकबाईनं तेरा वर्षांत एकाही पोट्ट्याले मेलेला डोळा जिता म्हणून सांगतला नाही. हे ध्यानात ठेवा साहेब, पुढं लागन.

शाळेच्या शेवटल्या दिवशी ती सगळ्या पोट्ट्यायले बगीच्याच्या मागच्या तुकड्यात घेऊन जाय. तिथं पुढं त्यायच्या जगलेल्या कलमा लागत, पत्र्याच्या पट्टीवर नाव टाकून. अन् तिथं उभी राहून सांगे, “आमच्या शेंदूरजन्यात एक रीत हाये. ज्यानं डोळा भरला, झाडाचं पहिलं फळ त्याचं. तो येऊन तोडन, तो खाईन, मंगच बाकीच्यायनं हात लावायचा. मालकानंही आधी खायचं नाही. पाच-सहा वर्षं लागतीन. तुमी या. मी तोवर कोणाले हात लावू देत नाही.”

पोट्टे ‘हो’ म्हणत. आमाले वाटे, बोलायची गोष्ट हाये. सहा वर्षं कोण ध्यानात ठेवते? सहा वर्षांत पोट्ट्यायले मिशा फुटतेत.

ध्यानात ठेवलं ना साहेब. सगळ्यायनं ठेवलं. २०१६ च्या दिवाळीत पहिल्या झाडायले फळं लागली अन् मायबापायचे फोन सुरू झाले. आमचं झाड, आमचं झाड. माही मिनीबस भरून भरून आली. उंच उंच झालेले पोट्टे बसमधून उतरून धावत जात अन् आपापल्या नावाची पट्टी शोधत. माणिकबाई बांधावर कमरेवर हात ठेवून उभी राहे अन् पाहे. एक पोट्टं फळ तोडून तिले देऊन राहिलं तर ओरडली त्याच्यावर, आधी तू खाय म्हणे, रीत हाये. मी तवा पाणी पिण्याच्या निमित्तानं टाक्यामागं जाऊन डोळे पुसले. खरं सांगतो.

अन् इथंच घोळ झाला. फळ खाऊन लोक गेले, पण पुढच्या वर्षी पुन्हा आले. तोच हप्ता, तीच खोली. आमच्या झाडाले औंदा किती लागलीत ते पाहाचं हाये. त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या बॅचची झाडं फळावर आली, त्यायचेही लोक आले अन् तेही मंग दरवर्षी येऊ लागले. आमच्याकडं फळ दिवाळीपासून होळीपर्यंत. खोल्या बारा. तुमीच सांगा, नवे पोट्टे कुठं ठेवायचे? अमरावतीच्या एका शाळेच्या बाईंचा फोन आला, चाळीस मुलं आणते म्हणे. खुशालभाऊनं वही पाह्यली, एक खोली रिकामी नाही. म्या म्हटलं, जुन्यायले नाही म्हणा ना भाऊ. ते म्हणे, ज्याचं झाड त्याले नाही कसं म्हणू? तू म्हण. मलेही म्हणता आलं नाही.

२०१९ च्या हंगामात सगळे मिळून नवे पोट्टे किती आले? अकरा. अकराच. माणिकबाई सकाळी चाकू घासून शेडमध्ये बसून राहे अन् समोर सगळे शिकलेलेच. जुने लोक येत, गप्पा मारत, भाकर खात, झाडाले हात लावून फोटो काढत. बाई चिडे. “ही शाळा होय का धर्मशाळा?” म्हणे. म्या म्हटलं, बाई, रीत तुमीच सांगतली त्यायले. तर माह्याकडं अशी पाह्यली, का मी गप्प गाडी धुवायले गेलो. मंग कोरोनात दोन वर्षं गेट बंद. अन् उघडलं तेव्हा खुशालभाऊचे गुडघे गेले होते.

त्यायचा मुलगा सागर, पुण्यात हॉटेलांच्या कंपनीत मोठ्या पगारावर. पोट्टं चांगलं हाये, वाईट बोलणार नाही मी. पण सगळं कागदावर मागते. त्यानं आठ दिवस बसून जुन्या वह्या पाह्यल्या अन् बापाले म्हणे, “बाबा, तुमची शाळा तर कधीचीच बंद झाली. हे लोक शिकायले येत नाहीत. ह्यायले आपापला हप्ता पायजे, दरवर्षी, तोच. हे आपल्या आपच टाइमशेअर होऊन बसलं. तुमी फक्त कागद केला नाही.”

म्हणजे एक खोली, वर्षाचे बावन्न हप्ते. एक हप्ता तुमचा, एक त्याचा, एक तिसऱ्याचा. ज्याचा हप्ता त्याचीच खोली, जन्मभर. तुमी जो घेतला ना, तेच. खुशालभाऊ दोन दिवस जेवले नाहीत धड. मंग म्हणाले, पाटी काढायची नाही, बाकी कर तुले कराचं ते.

जुने लोक तर खुश झाले. पण सगळ्यायनं एकच विचारलं, आमच्या झाडाचं काय? सागर म्हणे, हप्ता तुमचा, झाड नाही. झाडं रिसॉर्टची. मागच्या तुकड्यात उद्या पोहायचा तलाव कराचा झाला तर मी काय चारशे लोकांच्या सह्या घेत फिरू? लोक ऐकेनात. शेवटी त्याच्या वकिलानं तोड काढली. गावाची जुनी, चालत आलेली रीत असन तर करारात तसं लिहिता येते, पण गावातल्या जाणत्या माणसानं समोर सांगतलं पायजे. नसन तर झाडं करारात नाहीत. जाणता माणूस म्हणजे कोण? रामरावच. ऐंशीच्या घरातला, सगळ्यात जुना नर्सरीवाला. २०२३ च्या जानेवारीत बैठक ठरली.

आदल्या दिवशी दुपारी मी बाईले घरी सोडायले चाललो होतो. इथूनच, हे बाभळीचं झाड दिसून राहिलं ना, इथून. बाई एकदम म्हणाली, “देवमन, उद्या रामराव काय सांगन?”

“काय सांगन? रीत हाये म्हणून सांगन.”

“अन् रीत नसन तर?”

म्या गाडी बाजूले घेतली. म्हटलं, “नसन तर म्हणजे?”

“नाहीच हाये रे,” ती म्हणे. “अशी रीत शेंदूरजन्यात कवाच नव्हती. म्या लावली. पोट्ट्यायले सांगाले.”

तेरा वर्षं साहेब, मीही ती रीत खरी समजून सगळ्या पॅसेंजरायले सांगत होतो! म्या विचारलं, काहून बाई, कायले असं केलं? तर ती खिडकीच्या बाहेर पाहूनच बोलली. “बावीस वर्षं केलं रे. लाखानं डोळे भरले असतीन, मोजले नाहीत. या रस्त्यानं जाताना दोन्हीकडं जे बगीचे दिसतेत, त्यातले किती माह्या हातचे हायेत. एकाही मालकानं म्हटलं नाही, का बाई, ये, तुह्या झाडाचं एक संत्र खाऊन जाय. म्या नत्थुजीले वरूडच्या बाजारातून किलोनं आणाले लावलं संत्र. मले वाटलं, मले नाही भेटलं तर नाही, पण या पोट्ट्यायले तरी भेटलं पायजे. म्हणून म्हटलं, रीत हाये.”

म्या म्हटलं, “बाई, मंग उद्या गप्प बसा. रामरावले मी आजच भेटतो, तो ‘हो’ म्हणून मोकळा होईन. नाहीतर झाडं जातीन हो! तुमचा शब्द जाईन. चारशे पोट्ट्यायले काय सांगान?”

घर आलं, उतरली, अन् दार लावता लावता म्हणे, “तू रामरावकडे जायचं नाही.” मी नाही गेलो. पण त्या दिवशी मले घास गोड लागला नाही, इतकी भीती वाटली.

बैठक स्वयंपाकाच्या शेडमध्ये होती. तीस-चाळीस घरचे लोक, सागर टेबलावर कागद मांडून, खुशालभाऊ खुर्चीत, रामराव काठी टेकून. प्राजक्ताही होती अकोल्याहून आलेली, आता बावीस वर्षांची, शेतकीच्या कॉलेजात शिकणारी. सागरनं रामरावले विचारलं, “आजोबा, ज्यानं डोळा भरला त्याले पहिलं फळ, अशी रीत तुमच्या गावात हाये ना?”

रामरावनं तोंड उघडण्याआधी माणिकबाई उभी राहिली.

“त्यायले कायले विचारता? मले विचारा. रीत नव्हती. म्या लावली. पोट्ट्यायशी खोटं बोलली मी, तेवढं एकच. बाकी काही खोटं सांगतलं नाही.”

सागरनं पेन खाली ठेवला. मले वाटलं, संपलं. मनात म्हटलं, बाई, काय केलं हे तुमी, गप्प राहिल्या असत्या तर काय झालं असतं! अन् त्याच वेळेस छाती अशी भरून आली, का काय सांगू. सगळं जाऊन राहिलं होतं अन् बाई ताठ उभी होती.

मंग रामराव उठला. त्याले उठायले वेळ लागते. म्हणाला, “बाई खरं बोलली. अशी रीत आमच्यात नव्हती. माह्या नर्सरीत तर बिलकुल नव्हती. असती तर या बाईनं माह्या घरी येऊन किती फळं खाल्ली असती! ती नव्हती, त्याची लाज माही हाये, तिची नाही.” एवढं बोलून बसला.

सागर हळूच म्हणे, “म्हणजे करारात घेता येत नाही. सगळ्यायनं ऐकलं.”

प्राजक्ता उठली. “सागरदादा, माझा पहिला डोळा मेला तेव्हा ह्या बाईनं मला मेला म्हणून कार्ड पाठवलं. मी नऊ वर्षांची होते. ते कार्ड अजून आहे माझ्याकडे. आम्ही सगळे तेरा वर्षं ही रीत पाळून राहिलो. चारशे घरं पाळून राहिली. आणखी किती वर्षं पाळली म्हणजे तुमचा वकील तिला रीत म्हणेल? ते सांगा, आम्ही थांबतो. पण झाडं नसतील तर माझ्या आईला हप्ता नको.”

“आमालेही नको,” मागून कोणी म्हटलं. मंग दुसऱ्यानं. मंग सगळ्यायनं. खुशालभाऊ गुडघ्यावर हात आपटून हसायले लागले, किती महिन्यांनी हसले असतीन.

सागर शेवटी त्यायचाच पोरगा. त्यानं पेन उचलला अन् माणिकबाईले विचारलं, “काकू, रीत कोणी सुरू केली, कवा, कुठं? नीट सांगा. लिहायचं तर पक्कं लिहू.” तुमच्या करारात चौथ्या पानावर पाहा साहेब, तुमी वाचलं नसन, कोणीच वाचत नाही. लिहिलं हाये, ‘पहिल्या फळाची रीत, सुरू करणार श्रीमती माणिकबाई नत्थुजी, राहणार शेंदूरजनाघाट, सन २०१०.’ हाये का दुसरी एखादी रीत, जिच्यावर लावणारीचं नाव अन् पत्ता हाये?

झालं, गोष्ट इथं संपायची. पण मागच्या वर्षीची एक सांगायची राहिली. नोव्हेंबर महिना. मी बाईले घ्यायले सकाळी तिच्या घरी गेलो होतो. दारात टेम्पो उभा. रामराव खाली उतरला, काठी एका हातात अन् दुसऱ्या हातानं टोपली धरलेली, पोटाशी. कोणाले धरू देईना. ओट्यावर ठेवली अन् उभाच राहिला.

म्हणाला, “बाई, ती तुही पहिली ओळ आठवते? शहाण्णव हिरवे निघाले होते ती? त्या कलमा म्या विकल्या नाहीत. कोणाले सांगतलं नाही, माह्याच वावरात लावल्या. पंचवीस वर्षं झाली. बगीचा म्हातारा झाला आता. पहिलं फळ तर तवाच आमी खाऊन बसलो. हे औंदाचं हाये. घे.”

माणिकबाई टोपलीकडं पाहत राहिली. नत्थुजी आतून बाहेर आला, त्यानं सवयीनं हात लांबवला, तर बाईनं त्याच्या हातावर चापट मारली. “थांबा,” म्हणे. रामरावले म्हणे, “बसा तुमीही. मी खाल्ल्याशिवाय कोणाले भेटणार नाही.”

अन् बसली ओट्यावर. एक संत्र उचललं, सोललं, एकेक फोड तोंडात टाकली. घाई नाही. आमी तिघं माणसं तिच्यासमोर शाळेतल्या पोट्ट्यायसारखे बसून. ती खाऊन राहिली अन् तिचे डोळे वाहून राहिले, पुसलेही नाहीत तिनं. शेवटली फोड खाल्ली, बिया तळहातावर काढल्या, नीट मोजून पाह्यल्यासारख्या पाह्यल्या अन् टोपली रामरावकडं सरकवली.

“घ्या आता,” म्हणे. “गोड हाये.”

हे आलं गेट. पाटी पाह्यली? तीच, जुनीच. तुमी हप्ता विकत घेतला साहेब, झाड नाही. झाड सकाळी लागन. सात वाजता शेडमध्ये या, ती चाकू घासून बसलेली असते. नखं कापून जाजा. अन् तीन हप्त्यांनी कार्ड येईन. मेला असन तर मेला म्हणून येईन, आधीच सांगून ठेवतो.